आधी मोजूया, मग बोलूया

बालभारतीच्या सहावीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकाची सुरुवातच ‘नैसर्गिक संसाधने – हवा, पाणी आणि जमीन’ या धड्याने होते. जूनमध्ये शाळा भरते, बाहेर पहिल्या सरी पडत असतात, मैदानावर चिखल झालेला असतो आणि वर्गात हा धडा चालू असतो. याहून चांगला मुहूर्त शोधून सापडायचा नाही. तरीही कितीतरी वर्गांत हा धडा खिडकीबाहेर न पाहताच संपतो. व्याख्या उतरवून घेतल्या जातात, रिकाम्या जागा भरल्या जातात, शेवटी फळ्यावर ‘पाणी जपून वापरा’ असे लिहिले जाते आणि पुढचा धडा सुरू होतो. सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी तयार केलेले हे पुस्तक त्या वाक्यापाशी थांबायला तयार नाही. म्हणूनच त्याला प्रस्तावना लिहिताना मला आनंद होतो आहे.

आपल्याकडे या विषयाच्या मजकुराची टंचाई नाही. पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना सक्तीने मिळाले पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिला. त्यानंतर हा विषय अभ्यासक्रमात सर्वत्र आला. आपल्या राज्यात तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ आहे, पुढे विज्ञान आणि भूगोलात संसाधनांचे धडे आहेत, नववीत ‘जलसुरक्षा’ हे स्वतंत्र पुस्तक आहे. मुलाने शाळेत दहा वर्षे काढली तर ‘प्रदूषण’ हा शब्द त्याच्या कानावरून शेकडो वेळा जातो. पण आपल्या गावात गेल्या वर्षी किती पाऊस पडला, असे त्याला विचारले तर उत्तर येत नाही. घरी महिन्याला किती युनिट वीज जळते, हेही सांगता येत नाही. उणीव आहे ती इथे.

आणि ही उणीव उपदेशाने भरून येत नाही. दात घासताना नळ बंद ठेवा, हे वाक्य आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. ज्या वस्तीवर नळच नाही, जिथली सातवीतली मुलगी शाळेत येण्याआधी डोक्यावरून दोन खेपा करून येते, तिला हे वाक्य आपण कोणत्या तोंडाने ऐकवतो? जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. शहरांच्या पाणीपुरवठ्याचे आराखडे सर्वसाधारणपणे माणशी १३५ लिटर धरून केले जातात. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जाते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. काटकसरीचा एकच धडा मुंबईतल्या मुलाला आणि शहापूरच्या पाड्यावरच्या मुलाला सारखाच लागू पडत नाही. आधी दोघांनाही आपापल्या घरचे पाणी किती आणि ते येते कुठून, हे कळायला हवे. बोलणे त्यानंतर.

म्हणून या पुस्तकाची सुरुवात मोजण्यापासून होते, आणि पहिले साधन आहे पर्जन्यमापक. दोन लिटरची सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यायची, जिथे ती निमुळती होऊ लागते तिथे कापायची, वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून तळाशी वाळू-खडे घालून त्यावर थोडे पाणी ओतायचे आणि त्या पाण्याच्या पातळीला शून्य धरून बाहेरून मोजपट्टी चिकटवायची. हे सगळे एका तासिकेत होते. खरी शिकवण पुढे आहे. बाटली झाडाखाली ठेवली तर पानांवरचे थेंब पडत राहतात. भिंतीलगत ठेवली तर एका बाजूचा पाऊस अडतो. जागा कुठली, यावर मुले भांडतात आणि भांडू द्यावीत. वेधशाळा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजते, तीच वेळ आपणही ठरवायची. वाचन घेताना एक मूल उभ्यानेच बघून १४ मिलिमीटर म्हणते, दुसरे गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या रेषेत आणते आणि १२ म्हणते. मग दोघे एकमेकांच्या जागेवरून पुन्हा पाहतात. वैज्ञानिक दृष्टिकोन हे भारदस्त शब्द तोपर्यंत उच्चारलेही गेलेले नसतात.

मिलिमीटरचे लिटर करणे ही या वयाच्या मुलांना थक्क करणारी गोष्ट आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर २० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असेल, तर १२० चौरस मीटर. एका रात्रीत २५ मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे छपरावर ३,००० लिटर पाणी पडले. पंधरा लिटरची घागर धरली तर २०० घागरी. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असलेल्या दुष्काळी गावातही त्या छपरावर ६०,००० लिटर पडतात. पाचवा हिस्सा गळतीत आणि पहिल्या सरींनी पत्रा धुण्यात गेला तरी ४८,००० उरतात. शंभर मुलांना शाळेत रोज दोन लिटर प्यायला लागतात असे धरले, तर शाळेच्या २२० दिवसांना ४४,००० पुरतात. हा हिशेब फळ्यावर पूर्ण झाला की कोणीतरी हमखास विचारते, “मग बाई, आपल्याकडे टँकर का येतो?” आणि आणखी एखादे मूल म्हणते, “पण एवढं पाणी ठेवायचं कशात?” हे दोन्ही प्रश्न अभियंत्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांनाही पडतात. साठवण्याचा खर्च, टाकीचा आकार, छपराची स्वच्छता, पाऊस चार महिन्यांत आणि तहान बारा महिने, हे सारे त्या प्रश्नांतून आपोआप निघते. कोकणातल्या शाळेत हाच हिशेब केला तर आकडे सहापट निघतात. तरीही जांभ्याच्या सड्यावर पडलेले पाणी उतारावरून समुद्राला मिळते, आणि तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावातही मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. पाऊस किती पडला आणि तो थांबला किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोकणातले मूल मराठवाड्यातल्या मुलाइतकेच नीट समजू शकते.

विहिरीचा पाठ मला या पुस्तकात सर्वांत आवडला. दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेला दोर, टोकाला दगड. कठडा असलेल्या विहिरीवर शिक्षकाने स्वतः दोर सोडायचा. मुलांनी मागे उभे राहून गाठी मोजायच्या आणि वर ओढल्यावर भिजलेला भाग पाहायचा. कोणत्याही मुलाला वाकू द्यायचे नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. त्याच महिन्यांत आपणही मोजले तर एका वर्षात गावाच्या भूजलाचा आलेख मुलांच्या हातात येतो. आपल्या राज्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेला हा लाव्हा. त्यात पाणी मावते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही थोडेच. गंगेच्या गाळाच्या मैदानात जसे खोलवर पाणी साठलेले असते, तसे आपल्याकडे नाही. म्हणून आपली विहीर एका चांगल्या पावसाळ्यात काठोकाठ भरते आणि एका ओढीत तळ गाठते. विहिरीशेजारी नवे बोअर पडले की तिची पातळी का घटते, हेही मुलांना गाठींच्या संख्येतून दिसते.

इथे पाठ्यपुस्तकातली एक सोय आडवी येते. संपणारी साधने आणि न संपणारी साधने असे दोन रकाने पाडून पाणी दुसऱ्या रकान्यात टाकण्याची आपल्याला सवय आहे. परीक्षेत तेच उत्तर बरोबर धरले जाते. ज्या गावात बोअर पाचशे फुटांवर गेले आहे, त्या गावातल्या मुलाला हे उत्तर पाठ करायला लावणे मला योग्य वाटत नाही. जमिनीत जेवढे मुरते त्याहून कमी उपसले तर भूजल टिकते, जास्त उपसले तर ते कोळशाइतकेच संपते. मातीचेही तेच आहे: बोटभर जाडीची माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि उघड्या उतारावरून ती काही पावसाळ्यांत वाहून जाते. जंगलाचेही तेच. एखादी गोष्ट कोणत्या रकान्यात बसते हे तिच्या गुणधर्मावर जेवढे, तेवढेच आपल्या उपशाच्या वेगावर ठरते. हा एक विचार आठवीच्या शेवटी मुलांच्या मनात पक्का बसला, तरी तीन वर्षांचे चीज झाले असे मी म्हणेन.

आणखी एक सवय मोडायला हवी, ती परक्या आकड्यांची. एक सुती शर्ट तयार व्हायला २,७०० लिटर पाणी लागते, असे भित्तीपत्रक पुष्कळ शाळांत लावलेले असते. हा जगभराच्या सरासरीचा अंदाज आहे आणि त्यात शेतावर पडलेला पाऊसही धरलेला असतो. विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे, तो पावसावरच येतो. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या मुलीने ते पत्रक वाचले तर तिला वाटेल, आपले वडील जगाचे पाणी उधळत आहेत. आकडा खोटा नसतो, पण तो कशाचा आहे हे सांगितले नाही तर तो मुलांच्या डोक्यात चुकीची जागा धरतो. त्यापेक्षा तिने वडिलांना विचारावे की पेरणीपासून वेचणीपर्यंत रानाला वरून पाणी किती वेळा दिले. त्या उत्तराची नोंद वहीत झाली की जगाच्या सरासरीशी त्याची तुलना खुशाल करावी.

विजेच्या पाठात असाच घरचा पुरावा आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवर छापलेले असते. समजा ३,२०० वेळा. घरातले सगळे बंद करून एकच पंखा लावला, तर साठ वॅटच्या पंख्याला दिवा मिनिटाला जेमतेम तीनदा लुकलुकेल. दीड हजार वॅटचा गीझर लावला की मिनिटाला ऐंशी वेळा. मीटरला हात न लावता, नुसते घड्याळ घेऊन मूल हे मोजू शकते आणि रात्री जेवताना घरच्यांना सांगू शकते. दगडी कोळशावर चालणाऱ्या आपल्या केंद्रांत एका युनिटला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घरामागे कुठेतरी ६५ ते ७० किलो कोळसा जळतो. चंद्रपूरच्या मुलाला ते ‘कुठेतरी’ ठाऊक असते. तिथल्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, खाणी आणि राख दोन्ही त्याच्या शेजारी आहेत. पुण्यातल्या आणि मुंबईतल्या मुलाने त्या मुलाशी पत्रव्यवहार करावा, अशी या पुस्तकातली सूचना मला फार मोलाची वाटते.

कचऱ्याच्या पाठाची रचनाही चांगली आहे, कारण तो घोषणांऐवजी भंगारवाल्यापासून सुरू होतो. मुलांनी आठवडाभर वर्गाचा कचरा वेगळा करून तोलायचा आणि भंगारवाल्या काकांना विचारायचे: यातले काय घ्याल, काय भावाने? पुठ्ठा घेतला जातो, पाण्याच्या बाटल्या घेतल्या जातात, लोखंड-पितळ तर हातोहात. चिप्स आणि बिस्किटांची चकचकीत पाकिटे कोणीच घेत नाही. का घेत नाही, तर त्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणे परवडत नाही. पुण्यात कचरावेचक महिलांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभारली. कोणत्या प्लास्टिकला भाव आहे आणि कोणत्याला नाही, याचे त्यांच्याकडे असलेले ज्ञान कोणत्याही पुस्तकापेक्षा बारीक आहे. अशी एखादी ताई वर्गात येऊन तासभर बोलली, तर खरेदी करताना पाकीट उलटून पाहण्याची सवय मुलांना लागते. पाकीट तसे बनवणाऱ्या कंपनीचीही यात जबाबदारी आहे, हेही मुलांना याच पाठात सांगायला हवे. सगळा भार बारा वर्षांच्या खांद्यांवर टाकू नये.

आता या पुस्तकाच्या गाभ्याकडे येतो. मोजून झाल्यावर मुले वाटणीकडे वळतात, आणि बरेच शिक्षक नेमके तिथे घाबरतात. पुस्तकात एक खेळ दिला आहे. तीस मुलांचा वर्ग म्हणजे तीस कुटुंबांचे गाव. चिठ्ठ्या काढायच्या: चौघांना दहा-दहा एकर, सहा जणांना दोन-दोन, सोळा जणांना अर्धा-अर्धा, आणि उरलेल्या चौघांना काहीच नाही. एकूण साठ एकर. बादलीत साठ फुलपात्री पाणी, तो गावचा पाझर तलाव. पहिल्या फेरीत जमिनीच्या प्रमाणात वाटायचे. चौघांपुढे चाळीस फुलपात्री पाणी जमते, सोळा जणांना अर्धे-अर्धे मिळते, चार मुले रिकामे भांडे धरून उभी राहतात. वर्गात गलका होतो. दुसऱ्या फेरीत कुटुंबागणिक वाटायचे, प्रत्येकाला दोन. आता दहा एकरवाले म्हणतात, एवढ्यात आमचे रान कसे भिजणार? आणि भूमिहीनांपैकी कोणी म्हणते, आमचे दोन आम्ही त्यांना विकू का? तिसऱ्या फेरीत बादली अर्धीच भरायची.

हा खेळ हवेतून आलेला नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. त्यांचा नियम असा होता की पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसांवर ठरेल: माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला त्या पाण्यात जागा नाही. पुढे हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडायची प्रथा पाडली. पावसाळा संपला की पडलेला पाऊस मोजायचा, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरेल त्यावर पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. खेळ झाल्यावर या दोन गावांची गोष्ट सांगितली तर मुले ती कान देऊन ऐकतात, कारण त्यांचे तेच भांडण नुकतेच होऊन गेलेले असते.

अडचण येते ती उसाच्या गावात. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील कारखान्याचे सभासद असतात. आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास रानात उभा असतो आणि उन्हाळाभर पाणी मागतो; रब्बीची ज्वारी चारेक महिन्यांत, जमिनीतल्या ओलीवर बरीचशी निघते. राज्यातल्या लागवडीच्या जमिनीचा लहानसा हिस्सा उसाखाली आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा त्याला जातो. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर होते. हे सगळे सांगायचे की नाही? सांगायचे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ऊस लावणाऱ्या बापाला वर्गात आरोपी करायचे नाही. त्याने ऊस का लावला, हे मुलानेच त्याला विचारून यावे. ठरलेला भाव, खात्रीने उचलणारा कारखाना, गारपिटीतही तग धरणारे पीक, ही उत्तरे खरी असतात आणि ती वहीत यायला हवीत. ज्वारीला असाच भाव आणि अशीच खात्री मिळाली असती तर तुम्ही काय लावले असते, हा पुढचा प्रश्न. शाश्वत वापराचा धडा इथे बाजारभावाला आणि सरकारी धोरणाला जाऊन भिडतो. तेरा वर्षांच्या मुलांना हे झेपत नाही असे म्हणणाऱ्यांनी त्यांचे चिठ्ठ्यांचे भांडण एकदा पाहावे.

हीच वर्षे यासाठी का, याचे उत्तरही त्या वर्गातच आहे. सहावी ते आठवीत क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी, शेकडेवारी हे सगळे गणितात येते. बोर्डाच्या परीक्षेचा धाक अजून लागलेला नसतो. घरात त्यांचे ऐकले जाऊ लागलेले असते आणि हातात थोडे पैसे येऊ लागलेले असतात. म्हणून हे पुस्तक विज्ञानाच्या शिक्षकाइतकेच गणिताच्या आणि भूगोलाच्या शिक्षकाचेही आहे. जगबुडीच्या भीतीला यात जागा नाही, हे मला विशेष पटले. घाबरलेले मूल मोजत नाही.

घोषवाक्य आणि चित्रकला स्पर्धांनाही जागा दिलेली नाही. वृक्षारोपण आहे, पण त्याचे गुण जुलैत मिळत नाहीत. पुढच्या जूनमध्ये जगलेली रोपे मोजून मिळतात.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. आपल्या शाळा जूनच्या मध्याला भरतात, विदर्भात त्याहूनही उशिरा, आणि पाऊस कधीकधी त्याआधीच येतो. पर्जन्यमापक जूनमध्ये करायला घेतला तर वर्षाची बेरीज पहिल्याच दिवशी चुकते. म्हणून तो एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावरच्या मोकळ्या दिवसांत करून ठेवावा. शाळेजवळ राहणारी दोन मुले निवडून सुट्टीतल्या नोंदींची वही त्यांच्याकडे द्यावी. एकटे मूल गावाला गेले की नोंद बुडते, म्हणून दोन. वहीत तारीख, वेळ, मिलिमीटर आणि वाचणाऱ्याची सही असे चार रकाने पुरेत. पाऊस नसलेल्या दिवशीही शून्य लिहायचे, जागा कोरी सोडायची नाही.